कुत्र्याला पॅन्क्रियाटायटिस झालाय, पण किती सिरियस? रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

"सीपीएल बाराशे आलंय, म्हणजे केस हाताबाहेर गेली का?" हा प्रश्न सारखा येतो, आणि खरं सांगायचं तर त्या बाराशेत याचं उत्तरच नसतं. सीपीएल, म्हणजे कुत्र्याच्या पॅन्क्रियातून (स्वादुपिंडातून) येणारं लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), एवढंच सांगतं की स्वादुपिंडाला सूज असण्याची शक्यता दाट आहे. ती सूज कुत्र्याला कितपत झेपतेय हे दिसतं बाकीच्या अवयवांच्या आकड्यांत: किडनी, कॅल्शियम, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन). आणि तेही एका रिपोर्टवरून नाही, दोन-तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवल्यावर.

खाली जे लिहिलंय ते नवीन व्हेट मंडळींना आणि ज्यांचा कुत्रा अ‍ॅडमिट आहे नि व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो येतायत पण काही कळत नाही अशा पालकांना, दोघांनाही वाचता यावं म्हणून. पालकांनी एक करा, यावरून घरी औषधं ठरवू नका, आणि माणसांची पेनकिलर तर अजिबात देऊ नका, आयब्युप्रोफेन डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या उलट्या होऊन सुकलेल्या कुत्र्याची किडनी घालवू शकतात. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता आले तरी भरपूर झालं.

पायरी 1: सलाईनच्या आधी सॅम्पल

हे सगळ्यात जास्त चुकतं. कुत्रा लटपटत आलाय, सगळे घाईत, आधी सलाईन लागतं आणि रक्त दोन तासांनी काढलं जातं. तोवर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा), अल्ब्युमिन, हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) सगळंच पातळ झालेलं असतं आणि मग उद्याच्या रिपोर्टची तुलना कशाशी करणार? कॅथेटर टाकतानाच रक्त घ्या, तेवढा वेळ असतोच. शक्य असेल तर थोडी लघवी पण त्याच वेळी घ्या, कारण लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (ती किती घट्ट आहे ते) सलाईन जायच्या आधीचीच कामाची. ती 1.030 च्या वर असेल आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर किडनी अजून पाणी धरून ठेवतेय, वाढ बहुतेक डिहायड्रेशनमुळे आहे. लघवी पाण्यासारखी पातळ आणि क्रिएटिनिन वर, तर काळजीचं कारण आहे.

ट्यूबचा क्रम पाळा. आधी निळी सिट्रेट, मग प्लेन किंवा हेपारिनवाली, आणि जांभळी ईडीटीए शेवटी. जांभळ्या ट्यूबमधलं थोडं रक्त चुकून प्लेन ट्यूबमध्ये गेलं तरी रिपोर्टला पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम खूप खाली दिसतं, आणि पॅन्क्रियाटायटिसमध्ये आपण नेमकं कॅल्शियमच शोधत असतो, त्यामुळे असा खोटा आकडा सगळ्यांना पळवतो. कॅल्शियम पडलेलं आणि पोटॅशियम आठ-नऊ, कुत्र्याचा ईसीजी मात्र ठीक, असं दिसलं की आधी ट्यूबवर संशय घ्या. निळी ट्यूब रेषेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धवट भरली तर गोठण्याचा वेळ उगाच लांबलेला येतो.

सेंट्रीफ्यूज झाल्यावर ट्यूब डोळ्यांनी बघा, नुसती मशिनमध्ये ढकलू नका. सीरम पिवळसर पारदर्शक हवं. दुधासारखं पांढरं असेल तर रक्तात चरबी आहे आणि ती बऱ्याच रंगावर चालणाऱ्या टेस्ट बिघडवते. लॅबला तसं कळवा. गर्द पिवळं असेल तर बिलिरुबिन वाढलंय हे रिपोर्ट यायच्या आधीच कळलं.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका, तीन किलोच्या कुत्र्याच्या अंगात सगळं मिळून साधारण अडीचशे मिली रक्त असतं. रोज दोनदा मोठ्या सिरिंजने काढत राहिलात तर अ‍ॅनिमिया तुम्हीच कराल. छोट्या ट्यूब वापरा आणि खरंच लागतात त्याच टेस्ट करा.

पायरी 2: निदान पक्कं करा, पण सीपीएलवरच अडकू नका

लॅबच्या स्पेक सीपीएल टेस्टमध्ये 200 मायक्रोग्रॅम प्रति लिटर किंवा कमी म्हणजे नॉर्मल, 400 च्या वर गेलं की पॅन्क्रियाटायटिसशी जुळतं, आणि मधलं सगळं धूसर. क्लिनिकमधल्या स्नॅप किटवर आकडा नसतो, दोन निळे ठिपके असतात. सॅम्पलचा ठिपका रेफरन्सच्या ठिपक्यापेक्षा फिका असेल तर नॉर्मल, तेवढाच किंवा जास्त गडद असेल तर अ‍ॅबनॉर्मल. निगेटिव्ह आली की अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिसची शक्यता बरीच कमी होते, हा तिचा खरा उपयोग. पॉझिटिव्ह आली म्हणून मात्र शोध थांबवू नका, कारण आतड्यात काहीतरी अडकलेलं असेल किंवा पोटात दुसरीच सूज असेल तरी सीपीएल वाढू शकतं. उलट्या करणारा कुत्रा, स्नॅप पॉझिटिव्ह, आणि आत गिळलेला मोजा, असं होतं. म्हणून एक्स-रे आणि सोनोग्राफी टाळायची नाही.

जुन्या पद्धतीचं अमायलेज आणि साधं लायपेज यांच्यावर मी तरी वेळ घालवत नाही. दोन्ही पॅन्क्रियाबाहेरूनही येतात, किडनी बिघडली की वाढतात, आणि स्टेरॉइड चालू असेल तर लायपेज तसंही वर जातं. डीजीजीआर लायपेज (वेगळं रसायन वापरून मोजलेलं लायपेज) हे त्यातल्या त्यात बरं, सीपीएलशी बऱ्यापैकी जुळतं, फक्त प्रत्येक लॅबची रेंज वेगळी असते त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीकडच्या रेंजला लावू नका.

अजून एक सोंग घेणारा आजार म्हणजे, अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडल्याने होणारा, अ‍ॅडिसन्स. उलट्या, जुलाब, मलूल, पोट दुखतंय, सगळं तसंच. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर 27 च्या खाली असेल, किंवा कुत्रा इतका आजारी असूनही लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) मजेत नॉर्मल किंवा जास्त असतील (एवढ्या ताणात ते घटायला हवेत), तर कॉर्टिसॉल (त्या ग्रंथीचं हार्मोन) करून घ्या. बेसल कॉर्टिसॉल 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर अ‍ॅडिसन्स जवळपास बाद, खाली आलं तर पुढची एसीटीएच टेस्ट लागते.

पायरी 3: रक्ताच्या आधी कुत्रा मोजा

ताप, ठोके, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चारांवरून सर्स बघायचं, म्हणजे सूज पॅन्क्रियापुरती राहिलीय की अख्ख्या शरीराने पेट घेतलाय. कुत्र्यात साधारण वापरले जाणारे आकडे असे: तापमान 38.1 सेल्सिअसच्या खाली किंवा 39.2 च्या वर, ठोके मिनिटाला 120 च्या वर, श्वास 20 च्या वर, पांढऱ्या पेशी 6 हजारांच्या खाली किंवा 16 हजारांच्या वर किंवा बँड पेशी (अजून न पिकलेल्या पांढऱ्या पेशी) 3 टक्क्यांच्या वर. चारातले दोन बसले की सर्स. आता हे निकष फार सैल आहेत हे मान्य, क्लिनिकमध्ये घाबरून धापा टाकणारा धडधाकट कुत्रासुद्धा यात बसतो, म्हणून शांत झाल्यावर परत मोजा.

सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी वाढल्यापेक्षा कमी झालेल्या मला जास्त घाबरवतात. 25 हजार न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा मुख्य प्रकार) म्हणजे बोन मॅरो लढतोय. 4 हजार, त्यात बँड प्रौढ पेशींपेक्षा जास्त आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या रक्तात) टॉक्सिक बदल, म्हणजे पुरवठ्यापेक्षा खप जास्त झालाय. हे मशिन नेहमी पकडत नाही, स्मिअर डोळ्यांनी बघावाच लागतो.

पायरी 4: क्रिएटिनिन, सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात बोलका आकडा

अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिसमध्ये किडनीला मार बसला की केस अवघड होते, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण इथे "नॉर्मल रेंजमध्ये आहे" या वाक्याने फसायला होतं. आयरिसच्या (प्राण्यांच्या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या) पद्धतीत 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं तरी तो किडनी इंज्युरीचा पहिला ग्रेड धरतात, मग आकडा रेंजच्या आत का असेना. छोट्या कुत्र्याचं कालचं 0.6 आणि आजचं 1.1, रिपोर्टवर दोन्ही काळ्या अक्षरांत, लाल काहीच नाही, आणि किडनीचं काम जवळजवळ अर्ध्यावर आलेलं असू शकतं. म्हणून वर्षभरापूर्वीचा नॉर्मल तपासणीचा रिपोर्ट घरी पडला असेल तर शोधून डॉक्टरांना द्या, सोन्यासारखा असतो.

युरिया एकटा बघू नका. शी काळी डांबरासारखी होत असेल तर आतड्यात रक्त पचून युरिया वाढतो, क्रिएटिनिन मात्र जागेवर राहतं. आणि आकड्यांइतकंच लघवी किती होतेय ते बघा, सलाईन नीट चालू असताना, पाण्याची कमी भरून निघाल्यावर तासाला किलोमागे 1 मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर क्रिएटिनिन वाढायची वाट बघत बसायचं नाही.

पायरी 5: कॅल्शियम, पण आयोनाइज्ड

पॅन्क्रियाच्या भोवतीची चरबी एन्झाइमने विरघळते आणि सुटलेल्या फॅटी अ‍ॅसिडला कॅल्शियम चिकटून साबण तयार होतो, अक्षरशः साबण, ऑपरेशनमध्ये पांढरे खडूसारखे डाग दिसतात ते तेच. कॅल्शियम पडायचं हे एक कारण, एकमेव नाही. टोटल कॅल्शियम यासाठी निरुपयोगी, कारण अल्ब्युमिन कमी झालं की ते आपोआप कमी दिसतं. ब्लड गॅस मशिनवरचं आयोनाइज्ड कॅल्शियम हवं, बहुतेक मशिनवर नॉर्मल साधारण 1.2 ते 1.4 मिलिमोलच्या आसपास असतं, तुमच्या मशिनची रेंज बघून ठरवा. सिरिंजमध्ये हेपारिन जास्त राहिलं किंवा सॅम्पल हवेत उघडं राहिलं की आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे काढलं की लगेच लावा.

थोडंसं कमी असेल तर लगेच कॅल्शियम टोचायची गरज नसते, स्नायू थरथरणं, तोंड खाजवणं, झटके अशी लक्षणं असतील तेव्हा ते ईसीजीवर नजर ठेवून हळू देतात. पण धोक्याचा निर्देशक म्हणून हा आकडा फार वजनदार आहे.

पायरी 6: सीआरपी, आणि त्याची दिशा

सीआरपी लिव्हर बनवतं. कुत्र्यात नॉर्मल बहुतेक लॅबला 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, सूज सुरू झाल्यावर काही तासांत वाढायला लागतं, एक-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण आटोक्यात आलं की भराभर उतरतं. पॅन्क्रियाटायटिसमध्ये शंभरी ओलांडणं अजिबात नवल नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीचं 140 बघून रडू नका, आणि पहिल्या दिवशीचं 25 बघून खूशही होऊ नका, कुत्रा उलट्या सुरू झाल्यावर चार तासांत आणला असेल तर सीआरपी अजून जागंच झालेलं नसतं.

बघायचं काय, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठे जातंय. 140, 160, 70 असा प्रवास असेल तर छान. 140, 190, 210 असं चढत असेल तर आत काहीतरी धुमसतंय. आणि 140, 60, 150 असं उतरून परत उसळलं तर पॅन्क्रियालाच दोष देत बसू नका, आधी छाती ऐका आणि एक्स-रे काढा, कारण उलटी श्वासात जाऊन न्यूमोनिया होणं ही या आजारातली नेहमीची भानगड आहे. कॅथेटरची जागा सुजलीय का बघा, सोनोग्राफीत पॅन्क्रियाजवळ पाणी साठलंय का बघा.

दोन गैरसमज इथेच काढून टाकतो. एक, सीआरपी जास्त म्हणजे इन्फेक्शन असं नाही. कुत्र्यातला पॅन्क्रियाटायटिस बहुतेक वेळा जंतूंशिवायच असतो, तेव्हा नुसता आकडा बघून अँटिबायोटिक सुरू करायला तो पुरावा नाही. दोन, युनिट. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, दहापटीचा फरक आहे. सोमवारी 12 आणि मंगळवारी 120 बघून घरचे हबकतात, आणि दोन्ही एकाच तब्येतीचे रिपोर्ट निघतात, फक्त लॅब बदललेली असते.

पायरी 7: बाकीचे आकडे

प्लेटलेट आणि गोठण्याच्या टेस्ट, पीटी आणि एपीटीटी, या नुसत्या "ऑपरेशन आधी करतात" त्या टेस्ट नाहीत. प्लेटलेट रोज घसरतायत आणि गोठायला वेळ लागतोय म्हणजे शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होऊन माल संपतोय, डीआयसीची सुरुवात. मात्र मशिनने प्लेटलेट 40 हजार दिले तर आधी स्मिअरच्या कडेला गोळे झालेत का बघा. आणि कॅव्हेलियर स्पॅनियल असेल तर त्यांच्यात जन्मतःच प्लेटलेट कमी पण आकाराने मोठ्या असू शकतात, मशिन त्यातल्या बऱ्याच मोजतच नाही. नेमकी हीच जात पॅन्क्रियाटायटिसलाही बळी पडते, त्यामुळे घोळ होतो.

अल्ब्युमिन 2 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जायला लागलं म्हणजे रक्तवाहिन्या गळतायत, सलाईन रक्तात टिकत नाही, पोटात-छातीत पाणी जमतं. सलाईन चालू असताना थोडं उतरणारच, पण वजन वाढतंय, पाय सुजतायत आणि अल्ब्युमिन पडतंय हे तीन एकत्र आले तर सलाईनचा वेग परत बघा.

बिलिरुबिन, एएलपी, जीजीटी (शेवटची दोन लिव्हर-पित्ताची एन्झाइम) एकत्र चढत असतील तर सुजलेल्या पॅन्क्रियाने पित्तनळी दाबली असण्याची शक्यता, सोनोग्राफीने बघा. बहुतेकदा सूज उतरली की नळी मोकळी होते. एकटं एएलपी वाढलेलं असेल तर स्टेरॉइड घेतंय का विचारा.

लॅक्टेट अडीच मिलिमोलच्या वर असेल तर रक्तपुरवठा कमी पडत असावा, पण धरपकड करून सॅम्पल घेतलं तरी वाढतं. सलाईननंतर काही तासांत उतरतंय का ते महत्त्वाचं. ग्लुकोज जास्त असेल तर लघवीत किटोन बघा, डायबेटिस सोबत असेल तर केस वेगळीच होते. कमी असेल तर सेप्सिसचा विचार करा. पोटॅशियम उलट्यांनी पडतं, भरून काढा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आजारपणात फार अर्थाचं नाही, त्यावर शेवटी येतो. टीएलआय (पॅन्क्रिया पुरेशी एन्झाइम बनवतं का ते दाखवणारी टेस्ट) या कामाला नको.

पायरी 8: सगळं एकत्र मांडा

यासाठी स्कोअर आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला कॅप्स स्कोअर चार गोष्टींवर उभा आहे: सर्स, गोठण्यातला बिघाड, वाढलेलं क्रिएटिनिन आणि पडलेलं आयोनाइज्ड कॅल्शियम. यात सीपीएल कुठेच नाही, हे नीट बघा. मला हा आवडतो कारण चारही गोष्टी साध्या क्लिनिकमध्ये मिळतात. पण स्कोअर धोका सांगतो, त्या एका कुत्र्याचं भविष्य नाही, त्यामुळे तो बघून उपचार थांबवायचा निर्णय घेणं मला पटत नाही.

उदाहरण म्हणून दोन कुत्रे घेऊ. पहिला, सीपीएल 1400, सीआरपी 150 वरून तिसऱ्या दिवशी 60, क्रिएटिनिन 0.9 वरून 0.8, कॅल्शियम 1.28, प्लेटलेट अडीच लाखांवर स्थिर, सकाळी शेपूट हलवली. दुसरा, सीपीएल 520, सीआरपी 90 वरून 205, क्रिएटिनिन 0.9, 1.3, 1.7, कॅल्शियम 1.02, प्लेटलेट 2 लाख 20 हजारांवरून 95 हजार, श्वास 48. पालकांना पहिल्याचा 1400 बघून धडकी भरते. मी दुसऱ्याला रात्रीच ज्या दवाखान्यात चोवीस तास माणूस आणि ऑक्सिजन आहे तिथे हलवेन.

असा एक तक्ता वहीत करा, आडवे दिवस, उभे क्रिएटिनिन, कॅल्शियम, सीआरपी, प्लेटलेट, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, शिवाय वजन, लघवी, श्वास आणि खाल्लं की नाही. मोबाईलमधले सुटे फोटो चाळून ट्रेंड दिसत नाही, तक्त्यात लगेच दिसतो.

पायरी 9: परत कधी तपासायचं

मध्यम आजारी कुत्र्याचं क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट आणि सीबीसी रोज, सीआरपी दर 24 ते 48 तासांनी. गंभीर असेल तर ब्लड गॅस, कॅल्शियम, लॅक्टेट आणि इलेक्ट्रोलाइट दिवसातून दोन-तीनदा. सीपीएल रोज करू नका, त्यावरून उपचार बदलत नाहीत. एकाच मशिनवर करा. आकडे आणि कुत्रा यांचं पटत नसेल, म्हणजे आकडे सुधारतायत पण कुत्रा पडून आहे, तर कुत्र्याचं ऐका, दुखणं नीट दबलेलं नाही किंवा काहीतरी निसटलंय.

घरी आल्यावर सीआरपी एकदा बघून घ्या, नॉर्मलला आलं का. सीपीएल करायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, तरीही 400 च्या वर असेल आणि अधूनमधून खाणं सोडत असेल तर जुनाट सूज राहिली असेल. ट्रायग्लिसराइड आता करा, 12 तास उपाशी ठेवून, मिनिएचर श्नाउझर असेल तर नक्कीच. 500 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहत असेल तर कमी चरबीचा आहार कायमचा, आणि थायरॉइड, कुशिंग (कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार), डायबेटिस यांची तपासणी. काही महिन्यांनी भरपूर खाऊनही वजन उतरतंय आणि शी ढिगाने, फिकट, तेलकट होतेय असं झालं तर तेव्हा टीएलआय करा, 2.5 मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी आलं तर पॅन्क्रिया पुरेशी एन्झाइम बनवत नाहीये, आणि एन्झाइमची पावडर रोज जेवणात घालावी लागते.